सिंगापूर ते टोकियो: अंतर किती, वेळ किती, आणि दोन्ही स्वतः कसं काढायचं

सिंगापूर ते टोकियो अंतर शोधलं की एका ठिकाणी ५३२० दिसतं, दुसरीकडे ५३५७, तिसरीकडे ३३२९ आणि आणखी कुठे २८९३. चारही आकडे बरोबर आहेत. पहिला शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा, किलोमीटरमध्ये. दुसरा चांगी विमानतळापासून नारिता विमानतळापर्यंतचा, तोही किलोमीटरमध्ये. तिसरा हेच विमानतळांमधलं अंतर मैलांत आणि चौथा सागरी मैलांत. वेळेची गत याहून वाईट. सहा तासांपासून पावणेआठ तासांपर्यंत काहीही लिहिलेलं सापडतं आणि त्यातलंही बरंचसं आपापल्या जागी खरं असतं.

म्हणून आयता आकडा उचलण्याआधी तो कशाचा आहे हे ओळखता यायला हवं. त्यासाठी एकदा स्वतः हिशोब करून बघावा. फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि पंधरा-वीस मिनिटं एवढंच लागतं. पुढची पद्धत आशियातल्या कुठल्याही दोन शहरांना चालते; उदाहरण मात्र शेवटपर्यंत सिंगापूर–टोकियोचंच घेतलं आहे, कारण या मार्गावर हिशोबातले जवळजवळ सगळे खाचखळगे भेटतात.

आधी दोन टोकं पक्की करा

सिंगापूरला प्रश्न नाही, मोठी प्रवासी विमानं चांगीवरूनच सुटतात. टोकियोला दोन विमानतळ आहेत. नारिता शहराच्या पूर्वेला, मध्यवर्ती टोकियोपासून साधारण ६० किलोमीटरवर; हानेदा दक्षिणेला खाडीच्या काठावर, जेमतेम १५ किलोमीटरवर. चांगी–हानेदा अंतर ५३०० किलोमीटर भरतं, म्हणजे नारितापेक्षा ५७-५८ किलोमीटर कमी. हवेत हा फरक चार मिनिटांचा. जमिनीवर तो तासाभराचा होऊ शकतो, त्याबद्दल पुढे.

तिकीट शोधताना ‘टीवायओ’ हा संकेत टाकला तर दोन्ही विमानतळांची विमानं एकत्र दिसतात. नारिताचा संकेत ‘एनआरटी’, हानेदाचा ‘एचएनडी’. दोन विमानांची तुलना करताना हा संकेत आधी बघा, मग वेळ.

अक्षांश-रेखांशावरून अंतर

पृथ्वी गोल धरली की दोन ठिकाणांमधला सर्वात जवळचा मार्ग बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाच्या, तुकड्यावरून जातो. त्याची लांबी काढायची तर दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत हवेत:

चांगी: १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व
नारिता: ३५.७६ उत्तर, १४०.३९ पूर्व

नकाशात किंवा जुन्या तक्त्यात हे आकडे अंश-मिनिट-सेकंदांत असतात. नारिताचा अक्षांश ३५ अंश ४५ मिनिटं ५३ सेकंद आहे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून मिळवायचं, म्हणजे ३५.७६ येतं. सर्वात जास्त लोक इथेच घसरतात: ४५ मिनिटं सरळ दशांश म्हणून ‘३५.४५’ लिहितात. अक्षांशात तिथेच ३४ किलोमीटरची चूक होते, आणि उत्तर इतकं पटण्याजोगं दिसतं की चूक लक्षातही येत नाही.

आता कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना ते बघा. रेडियनवर राहिला तर उत्तर अगदीच भलतं येतं. निदान ते लगेच कळतं तरी.

१. रेखांशांतला फरक काढा: १४०.३९ वजा १०३.९९ = ३६.४० अंश.

२. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.०२३७३ × ०.५८४४० = ०.०१३८७.

३. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांश-फरकाच्या कोसाइनचा गुणाकार: ०.९९९७२ × ०.८११४७ × ०.८०४८९ = ०.६५२९६.

४. दोन्हींची बेरीज: ०.६६६८३.

५. या बेरजेचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹): ४८.१८ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर दोन विमानतळांमध्ये एवढा कोन आहे.

६. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, म्हणून ४८.१८ × १११.१९५ = सुमारे ५३५७ किलोमीटर.

घाईत असाल तर अंशांना थेट ६० ने गुणा. सागरी मैल मिळतात, दोन-तीन मैलांच्या फरकाने. सागरी मैलाची कल्पनाच मुळात अक्षांशाच्या एका मिनिटावरून आली आहे, त्यामुळे ही सोय आपोआप होते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. वैमानिकांच्या कागदांवर सागरी मैल असतात. विमान कंपन्यांच्या बक्षीस-मैलांच्या योजनांत सहसा साधे मैल. नुसतं ‘मैल’ लिहिलं असेल तर कुठले ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, दोन्हींत १५ टक्क्यांचा फरक आहे.

दोन गोष्टी चिन्हांच्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेचं शहर असेल तर अक्षांशाला वजा चिन्ह लावा. सिंगापूरला ते लागत नाही, पण जकार्ता ६.१३ दक्षिण आहे. तिथे वजा विसरलात तर जकार्ता–टोकियो अंतर हजारावर किलोमीटरनी कमी दाखवेल. पश्चिम रेखांशालाही वजा लावायचं, पण आशियात ती वेळ क्वचितच येते.

पृथ्वी काटेकोर गोल नाही, ध्रुवांशी थोडी चपटी आहे, त्यामुळे या पद्धतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक राहू शकतो. विमानाच्या वेळेसाठी तो सोडून द्या. शहरं फार जवळ असतील, समजा पन्नास-साठ किलोमीटरवर, तर मात्र ही कोसाइनची रीत वापरू नका. कोसाइन १ च्या इतका जवळ जातो की चौथ्या-पाचव्या दशांशातलं पूर्णांकन सगळं उत्तर बिघडवतं. तिथे लहान अंतरालाही नीट चालणारं हॅवरसाइनचं सूत्र बरं.

सपाट नकाशा इथे फसवतो का?

सपाट नकाशावर सरळ रेघ मारू नये, खरा मार्ग वळलेला असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. या जोडीच्या बाबतीत मात्र ती रेघ जवळजवळ निर्दोष आहे. मर्केटर या नेहमीच्या सपाट नकाशावरची सरळ रेघ धरून, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा पकडून गेलं, तर चांगी–नारिता अंतर ५३६७ किलोमीटर होतं. बृहद्वृत्तापेक्षा फक्त १० किलोमीटर जास्त. मार्ग विषुववृत्तापासून तिरका उत्तरेकडे चढतो, म्हणून असं होतं.

हाच प्रयोग ताश्कंद–टोकियोवर करा. दोन्ही शहरं बरीच उत्तरेला आणि मार्ग जवळपास पूर्व-पश्चिम. तिथे बृहद्वृत्त ६०४० किलोमीटरच्या आसपास येतं आणि सरळ रेघ त्याहून सुमारे १७० किलोमीटर लांब. म्हणून ठोकताळा असा ठेवा: दोन्ही शहरं ३५ अंशांच्या वर आणि रेखांशांत ५०-६० अंशांहून जास्त फरक असेल, तर नकाशावरच्या रेघेवर विसंबू नका. सिंगापूर–बँकॉक, सिंगापूर–मनिला अशा जोड्यांना तिने काही बिघडत नाही.

सिंगापूरहून निघताना या मार्गाची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ४० अंश असते आणि नारिताला पोचता पोचता ती ५३ अंश होते. मधला बिंदू फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या वायव्य टोकाबाहेर, समुद्रावर पडतो. ही दिशा लिहून ठेवा, वाऱ्याच्या हिशोबात लागेल.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

बृहद्वृत्त हे कमीत कमी अंतर झालं. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, ठरलेल्या बिंदूंवरून जातं. सिंगापूर, मनिला, फुकुओका असं नियंत्रण हातोहात बदलत जातं. निघताना धावपट्टीची दिशा उलटी असेल तर वळसा पडतो, उतरताना रांग असेल तर लांबून आत घेतात. जून ते ऑक्टोबरात दक्षिण चीन समुद्रावर किंवा ओकिनावाच्या बाजूला टायफून असेल तर सरळ शे-दोनशे किलोमीटरचा वळसा घालतात.

एरवीच्या दिवशी तीन टक्के वाढ धरा. ५३५७ चे साधारण ५५०० होतात. गर्दीच्या वेळी नारितावर किंवा हानेदावर उतरायचं असेल तर चार-पाच टक्के धरलेले बरे.

हे तीन टक्के कुठे चालत नाहीत तेही सांगायला हवं: मधलं आकाश बंद असेल तिथे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं हवाई क्षेत्र भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं तेव्हा दिल्ली–ताश्कंद हा जेमतेम १६०० किलोमीटरचा मार्ग लहान विमानांच्या पल्ल्याबाहेर गेला आणि त्यांची सेवा थांबवावी लागली. अशा जोडीला बृहद्वृत्ताचा आकडा नुसता शोभेचा. आधी कुठून जाता येतं ते बघा, मग त्या वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाचं अंतर काढा आणि बेरीज करा.

अंतरावरून वेळ

मोठी लांब पल्ल्याची विमानं, एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७, उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने जातात. तिथल्या थंड हवेत हे ताशी साधारण ९०० किलोमीटर होतं. ए३३० थोडं सावकाश, ०.८२ च्या आसपास, म्हणजे ताशी ८७०. ए३२१ सारखं एकच मार्गिका असलेलं विमान ०.७८, ताशी ८३०. ५५०० किलोमीटरवर ए३५० आणि ए३३० मधला फरक १३ मिनिटांचा. ए३२१ असेल तर अर्ध्या तासाचा. तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो उगाच नसतो.

वारा नाही असं धरून:

५५०० ÷ ९०० = ६ तास ७ मिनिटं.
चढताना-उतरताना वेग कमी असतो, १०,००० फुटांखाली तर साधारण २५० नॉटवरच (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ठेवतात. त्याचे वाढीव २० मिनिटं.
चांगीवर विमान मागे ढकलल्यापासून चाकं सुटेपर्यंत १५ मिनिटं, उतरल्यावर गेटपर्यंत १० मिनिटं.

एकूण ६ तास ५२ मिनिटं. यातले ६ तास २७ मिनिटं प्रत्यक्ष हवेत, बाकी जमिनीवर. वेळापत्रकात छापतात ती गेट ते गेट वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. अंतर सांगणाऱ्या बहुतेक साइट मात्र नुसता भागाकार करून ‘६ तास ५ मिनिटं’ असलं काहीतरी देतात. त्या आकड्याने कुठलंच विमान गेटला लागत नाही. दोन ठिकाणच्या वेळा जुळत नसतील तर पहिला संशय याच गोष्टीचा घ्या.

लक्षात ठेवायला सोपं रूप: बृहद्वृत्त अंतरात तीन टक्के मिळवा, ९०० ने भागा, वर पाऊण तास घाला. हा पाऊण तास अंतराशी बांधलेला नाही. हजार किलोमीटरच्या उड्डाणालाही तो लागतो आणि सहा हजारांच्याही. म्हणूनच छोट्या अंतराला ‘ताशी किलोमीटर’चा हिशोब फार चुकतो.

वारा: जाताना देतो त्याहून येताना जास्त घेतो

जपानवरून, साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत तो जगातल्या सर्वात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो. ताशी २०० किलोमीटर रोजचे, त्याहून बरेच जास्तही होतात. त्याची पहिली पद्धतशीर मोजणी वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात टाटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून केली. निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, त्यामुळे बाहेरच्या जगाने ते फारसे वाचलेच नाहीत. टाटेनो नारितापासून फार लांब नाही.

सिंगापूर–टोकियो मार्गाचा पहिला मोठा भाग उष्ण कटिबंधात आहे, तिथे उंचीवरचा वारा सौम्य असतो. जेट लागतो तो शेवटच्या चाळीस टक्क्यांत, तैवानच्या पुढे. म्हणून सगळ्या प्रवासाला एकच वारा लावू नका, दोन तुकडे करा:

सौम्य वाऱ्याचे ३३०० किलोमीटर: ३३०० ÷ ९०० = ३ तास ४० मिनिटं, जाताना आणि येतानाही.

जेटचे २२०० किलोमीटर: वारा पश्चिमेचा, ताशी २००. पण विमान नेमकं पूर्वेला जात नाही, या भागात त्याची दिशा ४५ ते ५३ अंशांच्या दरम्यान असते. त्यामुळे वाऱ्याचा सगळा जोर कामी येत नाही, सुमारे तीन चतुर्थांश येतो. ताशी १५० किलोमीटर धरा.

जाताना: २२०० ÷ १०५० = २ तास ६ मिनिटं.
येताना: २२०० ÷ ७५० = २ तास ५६ मिनिटं.
वारा नसता तर: २ तास २७ मिनिटं.

जाताना २१ मिनिटं वाचली, येताना २९ गेली. शाळेतल्या नाव आणि प्रवाहाच्या गणितासारखंच आहे हे: विरुद्ध वाऱ्यात वेग कमी असतो, म्हणून त्या वाऱ्यात राहण्याचा काळही वाढतो. जाण्या-येण्याची बेरीज वारा नसतानाच्या बेरजेपेक्षा नेहमी जास्तच भरते.

वरचा पाऊण तास मिळवला की हिवाळ्यात जाताना ६ तास ३१ मिनिटं आणि परतताना ७ तास २१ मिनिटं. वेळापत्रकात कंपन्या यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवतात, म्हणून छापील आकडे जाताना सात तासांच्या आसपास आणि परतीला सात ते पावणेआठ तास असे दिसतात. उन्हाळ्यात जेट उत्तरेला सरकतो आणि मंदावतो, तेव्हा जाण्या-येण्यातला फरक पंधरा-वीस मिनिटांवर येतो. ऑगस्टचं वेळापत्रक बघून जानेवारीच्या परतीला पुढचं विमान अगदी घट्ट जोडून घेणं इथेच अंगाशी येतं.

घड्याळाचा घोळ

सिंगापूरचं घड्याळ जागतिक वेळेच्या ८ तास पुढे, जपानचं ९ तास. फरक एक तासाचा, वर्षभर तोच. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायची पद्धत दोन्हीकडे आता नाही.

रेखांशावरून वेळेचा फरक काढू नका. १५ अंशांना एक तास या नियमाने ३६.४० अंशांचे जवळपास अडीच तास होतात. सूर्याच्या हिशोबाने ते खरं आहे, पण सिंगापूरचं घड्याळ सूर्यावर चालत नाही. १०४ पूर्व रेखांशाला खरं तर ७ तासांची वेळ शोभली असती. तिथे बरीच वर्षं साडेसात तास होते आणि १ जानेवारी १९८२ पासून ८ केले. त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमारास.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाची स्थानिक असते. नमुना हिशोब:

सिंगापूरहून सुटणार २३:३०, नारिताला पोचणार ०७:३०. सरळ वजाबाकी ८ तास. त्यातून १ वजा, खरी वेळ ७ तास.

नारिताहून सुटणार ११:००, सिंगापूरला पोचणार १७:३०. सरळ वजाबाकी साडेसहा तास. त्यात १ मिळवा, खरी वेळ साडेसात तास.

नुसती घड्याळं बघणाऱ्याला जाणं आठ तासांचं आणि येणं साडेसहाचं वाटतं. प्रत्यक्षात लांबचं आहे ते येणं. पूर्वेला जाताना घड्याळ एक तास जास्त दाखवतं आणि वारा वेळ कमी करतो. परतताना दोन्ही उलट. ते एकमेकांना झाकतात, म्हणून आधी घड्याळाची दुरुस्ती करा आणि मगच वाऱ्याबद्दल बोला.

रात्रीच्या विमानाला पोचण्याच्या वेळेशेजारी ‘+१’ असतं. २३:३० ला १० तारखेला निघालात तर टोकियोत ११ तारीख असते, हॉटेल ११ पासून घ्यायचं. आणि सकाळी साडेसातला उतरून खोली बहुधा दुपारी तीनलाच मिळते. याच्या उलटी चूक मध्यरात्रीनंतरच्या विमानाला होते: ११ तारखेच्या ०१:०० चं विमान म्हणजे १० तारखेच्या रात्री विमानतळावर असायचं. ते चुकलं की तिकीटच गेलं.

मध्ये थांबा असेल तर

हाँगकाँगमार्गे जायचं तर चांगी–हाँगकाँग सुमारे २५६५ आणि हाँगकाँग–नारिता सुमारे २९६३ किलोमीटर. बेरीज ५५२८. थेट मार्गापेक्षा जेमतेम १७० किलोमीटर जास्त, तीन टक्के. अंतर बघून वाटेल की वेळही पाव-अर्ध्या तासाने वाढेल.

पण वरचा पाऊण तास आता दोनदा लागतो. दोन टप्प्यांचं नुसतं उड्डाण धरलं तरी आठ तासांच्या जवळ जातं आणि विमान बदलायला दीड ते तीन तास. एकूण साडेनऊ ते अकरा. थांब्याचं तिकीट तोलताना किलोमीटर विसरा. प्रत्येक वाढीव थांब्याला पाऊण तास अधिक विमानतळावरचा वेळ, हा हिशोब जास्त खरा निघतो. थांबा वाटेपासून फटकून असेल, उदाहरणार्थ क्वालालंपूरला उलटं जाऊन मग टोकियो, तरच अंतराचाही विचार करा.

दारापासून दारापर्यंत

सात तासांचा प्रवास दिवस खातो तो इथे. सिंगापूर शहरातून चांगी साधारण २० किलोमीटर. गाडीने अर्धा तास, मेट्रोने पाऊण. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे पहाटेच्या विमानाला टॅक्सीच धरा. आंतरराष्ट्रीय विमानाचं चेक-इन सहसा सुटण्याआधी एक तास बंद होतं, म्हणून दोन ते अडीच तास आधी पोचा. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांना मिळून एक तास.

त्यानंतर फरक पडतो तो विमानतळाचा. नारिताहून टोकियो स्थानकापर्यंत नारिता एक्स्प्रेसने जवळपास तास लागतो. केइसेइ स्कायलायनर निप्पोरीला चाळीस मिनिटांच्या आसपास पोचवते, पण पुढे गाडी बदलावी लागते. हानेदाहून मोनोरेलने हामामात्सुचो किंवा केइक्यू रेल्वेने शिनागावा, दोन्ही पंधरा-वीस मिनिटांत. एकूण धरलं तर नारितामार्गे बारा तास, हानेदामार्गे सव्वाअकरा.

हानेदाची एक अडचण. ते चोवीस तास चालू असतं, म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास उतरणारी विमानं तिथे मिळतात. पण टोकियोच्या रेल्वे मध्यरात्रीनंतर बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. साडेदहाला उतरणारं विमान अर्धा तास उशिरा आलं की टॅक्सी किंवा विमानतळावरच बसून राहणं, एवढेच पर्याय उरतात. नारिताला मध्यरात्रीनंतर उतरण्याचा प्रश्न सहसा येत नाही, कारण अपवाद सोडले तर मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत तिथे विमानं उतरतच नाहीत. म्हणून रात्री उशिराचं नारिताचं विमान सुटायलाच फार उशीर झाला तर ते पुढे ढकललं जाण्याची शक्यता जास्त.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून जपानमधलं पुढचं विमान पकडायचं असेल तर मधल्या बसला सव्वा ते दीड तास लागतो. दोन विमानांमध्ये चार तासांहून कमी ठेवू नका.

आपला हिशोब बरोबर आला का

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या साइटवर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्याची नोंद उघडा. दोन गोष्टी सांभाळा. एक, तिथला उड्डाणाचा वेळ बहुतेकदा चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतचा असतो, त्यात २५ मिनिटं मिळवल्याशिवाय तिकिटाच्या वेळेशी तुलना होत नाही. दोन, सरासरी काढू नका. सगळ्यात लांबलेला दिवस बघा. पुढचं विमान किंवा शेवटची रेल्वे पकडायची असेल तर तोच आकडा कामाचा.

आपला आकडा आणि नोंदीतला आकडा यांत पंधरा मिनिटांपर्यंत फरक असेल तर हिशोब ठीक आहे. अर्ध्या तासाहून जास्त असेल तर या क्रमाने शोधा: वेळेचा एक तास मिळवायचा होता तिथे वजा झाला का, विमानाचा प्रकार वेगळा आहे का, नोंद हिवाळ्यातली आणि हिशोब वारा न धरता केलेला आहे का, आणि नकाशावर त्या दिवसाची वाट नीट बघा, तैवानच्या आसपास ती नेहमीपेक्षा फुगलेली दिसली तर त्या दिवशी खाली वादळ होतं.